होडीतला दगड

पातेल्यात दगड ठेवताच ते टबातल्या पाण्यात खोल बसलं. प्राध्यापिकेने पाणी जिथवर आलं होतं तिथे टबाच्या आतल्या बाजूला लाल रेघ ओढली.

“हे पातेलं म्हणजे होडी. यातला दगड मी उचलून पाण्यात टाकला, तर पाणी रेघेच्या वर जाईल, खाली जाईल, की तिथेच राहील? तोंडाने कुणी सांगायचं नाही. मोबाईल काढा आणि त्यावर मत द्या.”

वर्गाचा कानांवर विश्वास बसेना. या खोलीत मोबाईल दिसला की जप्त व्हायचा, आणि जप्त करणारे विभागप्रमुखच आज शेवटच्या बाकावर बसले होते. ताठ पाठ, मिटलेले ओठ. मुलांनी त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. प्राध्यापिकेची नोकरी कायम करायची की सत्र संपताच तिला निरोप द्यायचा, हे ते आजच्या तासावरून ठरवणार होते. “आजच्या दिवस साधं शिकव गं,” नवऱ्याने सकाळी हात जोडून सांगितलं होतं. पण साधं शिकवून ती कंटाळली होती. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळा वर्ग नंदीबैलासारखी मान हलवायचा, आणि परीक्षेत पितळ उघडं पडायचं.

पडद्यावर तीन पट्टे वाढू लागले. कुणाचं मत कुठलं ते दिसत नव्हतं, त्यामुळे मुलं बिनधास्त बोटं चालवत होती. बघता बघता ‘वर जाईल’चा पट्टा इतरांना मागे टाकून पार वर पोचला. म्हणजे मागचे सगळे तास पालथ्या घड्यावर पाणी, तेही साहेबांच्या डोळ्यांदेखत! उत्तर सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं. तिने ते गिळलं.

“उत्तर मी सांगणार नाही. आपापल्या शेजाऱ्याला पटवा.”

आणि काय तो गलका उठला!

“अरे, दगड पाण्यात गेला तर पाणी वरच येणार ना?”

“होडीत होता तेव्हा त्याचं ओझं कोण पेलत होतं? तुझा काका?”

“होडी.”

“आणि होडीला?”

“पाणी... थांब, थांब! म्हणजे तेव्हा तो आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारत होता, आणि बुडाल्यावर नुसती स्वतःपुरती जागा अडवणार, म्हणजे कमीच!”

वर्षभर तोंडातून चकार शब्द न काढलेली एक मुलगी शेवटच्या बाकावर हातवारे करून भांडत होती. शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून गेले. प्राध्यापिकेला हा आरडाओरडा फार आवडला.

मतांच्या दुसऱ्या फेरीत ‘खाली जाईल’ने बाजी मारली. ‘वर’ला मात्र एक मत चिकटून राहिलं.

“एक जण अजून ठाम आहे,” ती हसून म्हणाली. “कोण ते सांगायची गरज नाही.”

“मी.”

विभागप्रमुख उभे राहिले होते, हातात मोबाईल. “या मुलीने जीव तोडून समजावलं. मला काही पटलं नाही.”

सगळ्या माना मागे वळल्या.

“मग दगड तुम्हीच टाका ना, सर,” प्राध्यापिकेच्या तोंडून निघून गेलं.

ते पुढे आले, बाही सरसावली आणि दगड पाण्यात सोडला. पाणी हिंदकळलं आणि रेघेच्या बोटभर खाली येऊन थांबलं. ते वाकून पाहत राहिले. मग असे खदखदून हसले की मुलं त्यांना घाबरायचंच विसरली.

“इतकी वर्षं हा धडा शिकवतोय,” ते म्हणाले, “होडीतून दगड कधी काढलाच नाही!”

टाळ्यांनी खोली दणाणली.

वर्ग रिकामा झाल्यावर ती सांडलेलं पाणी पुसू लागली. ते अजून तिथेच घुटमळत होते. आता काय ऐकावं लागणार, म्हणून तिने मान वर केली नाही.

“हे मतांचं प्रकरण माझ्याही तासाला बसवून द्याल?”

“हो सर. उद्याच देते.”

“उद्या नको, गोंधळ होईल माझा. पुढच्या वर्षी सावकाश शिकवा,” म्हणत ते निघाले.

“बरं सर,” ती म्हणाली, आणि फडकं पिळता पिळता तिचे हात थांबले. तोवर ते जिन्यापाशी पोचले होते.

“सर, पुढच्या वर्षी?” ती वर्गातूनच ओरडली.

“मग काय तर,” जिन्यावरून आवाज आला. “या वर्षीचे तास संपत आले की!”