घड्याळजींची शून्यं

घड्याळजींनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या आणि पुन्हा एकदा ओळींवरून बोट फिरवलं. शाळेची तक्रारपेटी उघडल्याची जी वही, तीत या सत्रात चार चिठ्ठ्या. त्यांवर काय केलं याची जी वही, तीत नोंदी सात. चाराचे सात कसे झाले? चष्मा पुसून मोजलं तरी सातच. गेल्या तीन महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

शाळेच्या समितीची बैठक सुरू व्हायला अर्धा तास होता. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते एकटेच होते. समोरच्या भिंतीत चार भोकं होती. घड्याळजींची पेटी पूर्वी तिथे होती.

समितीत मुलांच्या सुरक्षिततेचं काम आठ वर्षं त्यांच्याकडे होतं. फाटकावरच्या वहीत पाहुण्यांच्या सह्या आहेत का, नव्या नोकरमाणसाची चौकशी झाली का, हे सगळं ते घड्याळ उघडून बसल्यासारखे बारकाईने बघत. आणि तक्रारपेटी. कोणी त्रास देत असेल, भीती वाटत असेल, तर मुलांनी चिठ्ठी टाकायची. समितीचा सदस्य आणि मुख्याध्यापिका दोघांनी मिळून पेटी उघडायची. आठ वर्षांत चिठ्ठी म्हणून एक निघाली नव्हती. अहवालात घड्याळजी दर सत्राला सुरेख गोल शून्य काढत आणि अध्यक्ष म्हणत, "याला म्हणतात शाळा."

मग टेलरबाई समितीत आल्या, आणि "नव्या माणसाला संधी देऊ या" म्हणून अध्यक्षांनी ते काम त्यांना दिलं. घड्याळजींनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मात्र ताट सरकवलं.

"अहो, एक पेटी गेली तर एवढं?" बायको म्हणाली. "मुलीला सासरी पाठवलं तेव्हा तर पोटभर जेवला होतात."

त्यांना हसू आलं नाही. जळत होते ते, सरळच सांगायचं तर. जो तो टेलरबाई, टेलरबाई करायचा. मुख्याध्यापिका त्यांना बिनटवक्याच्या कपात चहा द्यायच्या. आठ वर्षांत घड्याळजींच्या वाट्याला टवका उडालेलाच कप आला होता. त्यात बाईंनी पहिल्याच महिन्यात गळ्यातली टेप काढून पहिलीच्या मुलांची खांद्यापर्यंतची उंची मोजली आणि पेटी उचलून जिन्याखाली लावली, हातभर खाली. आणि आता सात नोंदी. राईचा पर्वत करणारी बाई, दुसरं काय. आणि आज पुरावा हातात होता.

बाई आल्या. ब्लाउजच्या खांद्याला दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता.

"काका, लवकर आलात?"

"हिशेब लागत नाहीये तुमचा," घड्याळजी म्हणाले. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता. "पेटीत चार आणि वहीत सात. तीन कुठून आणल्या?"

बाईंनी वही बघितलीच नाही. खोलीचं दार बंद आहे ना, ते बघितलं आणि बाकावर बसल्या.

"पेटीतल्या नाहीत त्या. पेटीमागच्या आहेत."

"मागच्या म्हणजे?"

"पेटी काढली तेव्हा भिंतीवरून खाली पडल्या. घडी घालून बाजूच्या फटीतून आत सारलेल्या. चिठ्ठी टाकायची खाच वर होती ना. लहान मुलांचा हात पोचला नसणार."

घड्याळजींनी भोकांकडे पाहिलं. तिथल्या भिंतीला पोट होतं. त्यावर पेटी वाकडी बसायला लागली, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मागे दोन लाकडी पाचरी ठोकल्या होत्या. सपाटी बघायची पाणसळ लावून, जीभ दातांत धरून. पेटी केसभरही कलली नव्हती. पाचरींमुळे मागे बोटभर फट राहिली होती, ती त्यांना दिसली होती. धूळ बसेल, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. खाचही त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीला होती.

"कधीच्या आहेत?"

"एकीवर तारीख होती. अडीच वर्षांपूर्वीची."

"काय लिहिलं होतं?"

"ते नाही सांगता येणार, काका. ज्याच्याकडे काम, त्यानेच वाचायचं. नियम तुम्हीच घालून दिलाय."

खरं होतं. त्यांच्याच अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर तो लिहिलेला होता.

"दोन मुलं अजून आपल्याकडेच आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्याशी बोलणं झालं, पुढचंही चालू आहे. तिसरी मुलगी शाळा सोडून गेली. नवा पत्ता मिळत नाहीये. बालसंरक्षणवाल्यांना कळवलंय, ते शोधताहेत."

घड्याळजींनी वही मिटली. पुन्हा उघडली. त्या तीन नोंदींपुढे चिठ्ठ्या कुठे मिळाल्या, पेटी कोणी लावली होती, यातलं काही नव्हतं.

"कोणाला सांगितलंत हे?"

"मुख्याध्यापिकांना. कामापुरतं."

बैठकीत सातचा आकडा वाचून अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घड्याळजींच्या आठ वर्षांत एक नाही आणि तुमच्या तीन महिन्यांत सात? पालकांच्या कानावर गेलं तर शाळेचं नाव जाईल. कामात काही चुकतंय का, बाई?"

बाईंनी खांद्यावरचा दोरा काढून बोटाला गुंडाळला. घड्याळजी तीन महिने याच प्रश्नाची वाट बघत होते. तो ऐकायला अजूनही गोड लागला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. ते उभे राहिले.

"त्यांच्या चारच आहेत. तीन माझ्या काळातल्या. तशी नोंद करा."

"तुमच्या अहवालात तर शून्य आहे."

"चुकलंय ते."

"राहू द्या हो. आता जुनं कशाला उकरायचं?"

"एक मुलगी सापडायची आहे अजून," घड्याळजी म्हणाले. "नोंद करा."

लेखनिकाने मान खाली घालून लिहिलं. पुढे चहा आला. चांगला कप बाईंपुढेच गेला आणि तो गेलेला घड्याळजींना आजही दिसला.

बैठक संपल्यावर ते जिन्याखाली थांबले. पेटी त्यांच्या कमरेशी होती. खाच बघायला त्यांना वाकावं लागलं. बाईंनी पेटी डोळ्यांच्या अंदाजानेच ठोकली असावी. डावीकडे चांगली दोन बोटं कलली होती. घड्याळजींचा हात आपसूक पुढे गेला. मग त्यांनी तो पेटीच्या कडेवरून मागे भिंतीपर्यंत नेला आणि चारही बाजूंनी बोट फिरवून बघितलं. फट नव्हती.

पेटी तशीच वाकडी ठेवून ते बाहेर पडले.