उंच कॉलरीमागची गाठ

मी एक जुनी गाठ आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मानेत, काखेत, जांघेत माझी भावंडे तुमच्याही अंगात जन्मापासून आहेत. लहान असतात म्हणून कळत नाहीत. अंगात शिरलेल्या जंतूंना अडवणे हे आमचे काम.

मी एका शिंपीणबाईच्या मानेत राहते. तिला सारखा खोकला, सारखा कान फुटलेला, मध्येच न्यूमोनिया. दर वेळी मी लढणाऱ्या पेशी गोळा करायची. पण जंतूंना जेरीस आणणारी प्रतिपिंडे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत अँटिबॉडी, काही तयार होईनात. दुकानात कारागीर मावेनात आणि सुई एकाकडेही नाही, अशी गत. त्या गर्दीनेच मी लिंबाएवढी फुगले.

मग काय, जो येईल तो मला चाचपून जाई. "वहिनी, वाढली का हो?" असे नणंद विचारी आणि उत्तराआधीच दाबून बघे. डॉक्टरांनी माझ्या शेजारणीला, बाजूच्याच गाठीला, काढून तपासायला नेले. कॅन्सर नाही, क्षय नाही. मग आहे तरी काय, ते कोणालाच सांगता येईना. शिंपीणबाईच्या डोक्यातले कॅन्सरचे भूत काही उतरेना. ती स्वतःसाठी उंच कॉलरीचेच कपडे शिवू लागली. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती मला चाचपायची, तेव्हा तिची बोटे गार पडलेली असत. मला फार वाईट वाटे.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी मला पाहून न पाहिल्यासारखे केले.

"गाठीचं राहू द्या. वर्षभरात आजारी कितीदा पडलात?"

"बरी कधी होती ते विचारा, लवकर सांगून होईल," नवरा म्हणाला.

शिंपीणबाईही हसली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी मोजायला लावल्या. त्या जवळजवळ नव्हत्याच.

आता दर महिन्याला तिला शिरेतून अँटिबॉडी देतात. अनोळखी माणसांनी दान केलेल्या रक्तातून त्या काढलेल्या असतात. तिची दुखणी कमी झाली, तशी मीही हळूहळू ओसरले. अगदी नाहीशी झाले नाही, पण सुखात आहे.

मित्रांनो, गाठ दिसली की तिला दाबत, शेकत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि गाठीबरोबर आपली बाकीची दुखणीही सांगा. गाठ बिचारी एकटी काय सांगणार?

आज सकाळी शिंपीणबाईने मोठ्या गळ्याचा नवा झगा घातला, टेप मानेवर टाकली आणि मला न चाचपताच मशीनवर बसली. ती मला विसरली होती. माझे इतके कौतुक आजवर कोणी केले नव्हते.