तळेघरच्या चावडीतली डोलकाठी

मी एक जुनी डोलकाठी आहे. मित्रांनो, तळेघरहून समुद्र दिसतही नाही, त्यामुळे माझं बोलणं तुम्हाला बढाई वाटेल, वाटू द्या. घोडनदीच्या खोऱ्यात मी साग म्हणून वाढले. बैलांनी मला ओढत घाटाखाली नेलं आणि गुराबेवर, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजावर, उभं केलं.

नऊ वर्षं मी शीड पेललं. एका लढाईत तोफेचा गोळा मला चाटून गेला आणि अंगाला चीर पडली. खलाशांनी चिरेवर दोरखंड आवळला, तेल चोळलं, पाठ थोपटली. अशी काठी साऱ्या आरमारात नाही, असं ते सांगत सुटले. कौतुकानं मीही फुगले, खोटं कशाला बोलू? वाऱ्यात मी करकरायचे, पण कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या पाठलागात सगळी शिडं चढवली आणि मी मोडले. अकरा माणसं माझ्याखाली सापडली. त्यांनीच मला तेल लावलं होतं.

त्यांत तळेघरचा भागू होता. त्याचं प्रेत समुद्रानं नेलं. घरी न्यायला काहीच उरलं नाही, म्हणून त्याच्या भावानं, जानकूनं, माझा अर्धा तुकडा घाट चढवून आणला आणि गावच्या चावडीला तुळई म्हणून दिला. ते अकरा जण माझ्यासोबत आले. धुकं आत शिरलं की त्यांची नखं माझ्या अंगावरून फिरतात. मला त्यांची भीती वाटते. त्याहून जास्त भीती पुन्हा पडण्याची वाटायची.

हल्ली चावडीत संध्याकाळी प्रतीक्षाताईंचा अभ्यासवर्ग भरतो. वर माझ्या आधारानं माळा होता. व्यापारी येईपर्यंत गावकरी त्यावर सुकवलेल्या हिरड्याची पोती ठेवायचे. गेल्या आषाढात पोती ओलाव्यानं जड झाली आणि माझी चीर उघडू लागली. मी जीव तोडून करकरले. खाली तेवीस मुलं पाढे म्हणत होती.

जानकूच्या घराण्यातल्या हौशीरामबाबांनी माझ्याखाली उदबत्ती लावली, नारळ फोडला. "आमचा भागू कण्हतोय," ते म्हणाले. "त्याला शांत केलं की जाईल आवाज." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी चार पोती वर चढवली.

प्रतीक्षाताईंनी माझ्याकडे आणि वरच्या पोत्यांकडे बघितलं. "बाबा, मेलेल्या माणसाला पोत्याचं वजन कळतं व्हय? काल चार पोती चढवली, आज आवाज दुप्पट झालाय."

"तुमी शिकलेली माणसं. तुमाला काय सांगायचं?"

"वर्ग आजपासून माझ्या घरात," ताई म्हणाल्या आणि मुलांना घेऊन बाहेर पडल्या.

रिकाम्या चावडीत बाबा एकटेच राहिले. मग शिडी लावून ते वर चढले. त्यांचा हात चिरेत मनगटापर्यंत गेला. पहिलं पोतं त्यांनीच खाली उतरवलं.

माझ्या जागी आता लोखंडी गर्डर आहे. मला चावडीबाहेर ओट्याशी ठेवलंय. त्या अकरा जणांनी मला सोडलेलं नाही, आणि सोडावं असं मी म्हणतही नाही. पण मित्रांनो, जुनं लाकूड करकरलं तर त्याचं कौतुक करू नका, पूजाही करू नका. आधी त्याच्यावरचं ओझं उतरवा. आणि माझ्यावर खुशाल बसा. मी जमिनीवर आहे. इथून मी कुणावरही पडू शकत नाही.