येतोबाला बोलायचं होतं

"पण बाई, तो आहे कोण?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

खोलीतली सगळी मंडळी एकमेकांकडे बघून हसली. मी काहीतरी फार खोल बोलले असं त्यांना वाटलं. एकाने तर ते वाक्य पांढऱ्या फळ्यावर लिहूनही टाकलं. आता मला माहीत नाही म्हणजे मला माहीत नाही, यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे? पण त्या खोलीत सरळ बोललेलं कोणाला सरळ ऐकूच जात नव्हतं.

आमची जुनी मालिका पुन्हा सुरू होणार होती. मूळ संवाद माझे, म्हणून चॅनलने मला सल्लागार नेमलं. सल्लागार म्हणजे जिला खुर्ची देतात, चहा देतात आणि जिचं काही ऐकत नाहीत. नव्या लेखकांचा म्होरक्या एक तरतरीत तरुण होता. प्रत्येक पात्राला ग्राफ हवा, म्हणजे भूतकाळ हवा, चढउतार हवेत, असं तो उठताबसता म्हणायचा, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नावच ग्राफ ठेवलं होतं. नायिकेचा ग्राफ झाला, सासूचा झाला, आता त्याला येतोबाचा ग्राफ हवा होता.

येतोबा म्हणजे जुन्या मालिकेतला एक माणूस. मालिका एका मोठ्या, भांडखोर कुटुंबाची आणि हा त्या कुटुंबातला कोणीच नव्हे. घरात वातावरण तापलं की दिवाणखान्यात दाराजवळच्या खुर्चीत हा बसलेला दिसायचा. थोडा वेळ सगळ्यांकडे बघायचा, उठायचा, "येतो" म्हणायचा आणि निघून जायचा. मागाहून घरात हमखास काहीतरी घडायचं. लोकांनीच त्याला येतोबा हे नाव दिलं. तो मृत्यू आहे, तो गुप्तहेर आहे, तो आजोबांच्या पहिल्या बायकोचा मुलगा आहे, असे एकेक तर्क. एका बाईंनी मला रस्त्यात गाठून सांगितलं होतं, की तो विम्याचा माणूस असणार, कारण तो निमूट बसतो आणि परत परत येतो.

खरी गोष्ट एवढीच, की एका सकाळी सासऱ्याचं काम करणारे नट आलेच नाहीत. प्रसंग तोकडा पडत होता. मीटर वाचणाऱ्याच्या कामासाठी बोलावलेला एक नट कोपऱ्यात चहा पीत उभा होता. तेव्हाचे आमचे दिग्दर्शक म्हणाले, "याला खुर्चीत बसवा." बोलायचं काय? मी म्हटलं, बोलणार काय, निघताना माणूस "येतो" म्हणतो, तेवढं म्हणेल. इतकीच त्या रहस्याची जन्मकथा. प्रेक्षकांची पत्रं आली आणि तो माणूस त्या खुर्चीत कायमचा बसला.

पुढचा घोळ शेवटच्या भागात झाला. मी येतोबाला "जातो" म्हणायला लावलं होतं, म्हणजे लोकांना कळेल की आता संपलं. दादांनी, म्हणजे येतोबाचं काम करणाऱ्या त्या नटाने, तालमीत अगदी ठणठणीत "जातो" म्हटलं. कॅमेरा सुरू झाला आणि तोंडातून निघालं, "येतो." करणार काय? लहानपणापासून दारात अडवून आई सांगायची, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं." ते हाडात भिनलेलं. पुन्हा घ्यायला सवड नव्हती, मागे सेटच्या भिंती उतरवायला सुरुवात झाली होती. मालिका संपली ती "येतो"वर. लोकांना वाटलं, वचन देऊन गेला. तेव्हापासून लोक चॅनलला विचारत राहिले की तो कधी येतोय, आणि चॅनलने शेवटी मालिकाच परत आणली. हे मी ग्राफला सांगितलं, तर तो डोळे मिटून म्हणाला, "ब्रिलियंट. अंतर्मनातून आलेलं." मी कपाळावर हात मारला.

मग ग्राफने येतोबाचा ग्राफ काढला. येतोबा नायिकेचा बाप निघाला. तिला लहानपणी सोडून गेलेला. नव्या मालिकेत तो खुर्चीत बसून दोन पानी भाषण करणार होता. भाषणात एक चुकलेली आगगाडी होती, एक जळकं घर होतं आणि एक जुळा भाऊही होता. शेवटी "जातो" म्हणून तो खुर्चीतच प्राण सोडणार होता.

मी म्हटलं, "अरे, खुर्चीतच मरायचंय तर जातो कुठे?"

"तेच तर, बाई. आतल्या प्रवासाला."

पालथ्या घड्यावर पाणी. मी उठले ती थेट चॅनलच्या मॅडमकडे गेले. त्यांना सांगितलं, तो कोण हे सांगून टाकलंत की हातात उरेल एक म्हातारा. लोक त्याची वाट बघतायत, त्याच्या माहितीची नाही. मी चांगली तासभर भांडले, आवाज चढवला, एकदा टेबलावर हातही आपटला. मॅडमना पटलं. भाषण रद्द, जुळा भाऊ रद्द, येतोबा पूर्वीसारखाच बसेल, बघेल आणि "येतो" म्हणून निघेल. मी जिंकले होते. ही बातमी दादांना स्वतः द्यावी म्हणून तशीच त्यांच्याकडे गेले.

दादा राहतात ते घर एका इस्त्रीच्या दुकानावर आहे. जिना अरुंद आणि वाफेने ओलसर. मी अर्ध्या जिन्यात असताना वरून एक आवाज आला. भरदार, मोकळा, शब्द न् शब्द सुटा. मला वाटलं टीव्ही लावलाय. दार उघडंच होतं. आत पलंगाच्या कडेला वहिनी कागद घेऊन बसल्या होत्या आणि खोलीच्या मधोमध उभे राहून दादा बोलत होते. दादांशी मी इतकी वर्षं गप्पा मारल्या आहेत, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. बघा हं."

आणि त्यांनी ते अख्खं भाषण म्हणून दाखवलं, ग्राफने त्यांना ते आठवड्यापूर्वीच पाठवलं होतं. आगगाडी, जळकं घर, जुळा भाऊ, सगळं. भाषण भिकार होतं. दादा मात्र असे बोलले की जुळ्या भावापाशी माझे डोळे भरून आले. आणि त्याचा मला भयंकर राग आला, कारण तो भाऊ मी त्याच सकाळी भांडून काढून टाकला होता.

"दादा," मी म्हटलं, "आनंदाची बातमी आहे. ते सगळं रद्द झालं. तुम्ही पूर्वीसारखंच करायचं. बसायचं, बघायचं आणि येतो म्हणायचं."

वहिनींनी कागद मांडीवर पालथे ठेवले.

"कोणी रद्द केलं?" दादांनी विचारलं.

"मी."

दादा खाली बसले. वहिनी उठून आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दादांचं तोंड इतकं उतरलं होतं की मी ते गिळून टाकलं.

"बाई, मी नाटकातला माणूस," ते म्हणाले. "शेवटच्या रांगेतल्याला माझा श्वास ऐकू जायचा. तुम्ही मला खुर्ची दिलीत. त्यानंतर मला कोणी वाक्य दिलं नाही. कुठेही गेलो की म्हणतात, दादा, तुम्ही बोलू नका, तुम्ही तोंड उघडलंत की लोकांना वाटेल आता येतो म्हणणार. एकदा वकिलाचं काम मिळालं. तिथेसुद्धा मला नुसतं बसवून ठेवलं. वकील, आणि बोलायचं नाही."

"पण ते भाषण भिकार आहे हो, दादा."

"आहेच. जुळा भाऊ काय, आगगाडी काय. पण मला बोलायला मिळत होतं ना."

"तुम्ही बोललात की रहस्य संपेल. लोकांना काय राहील?"

"रहस्य तुमचं होतं, बाई. माझ्याकडे नुसती खुर्ची होती."

आतून वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी मला समोर बसवून म्हणून दाखवतात. खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा पाठ झालंय. आता त्याला काय सांगू?"

माझं डोकं फिरलं. दादांवर, ग्राफवर, मॅडमवर आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर. इतका वेळ भांडून मी मिळवलं काय, तर एका माणसाचं तोंड पुन्हा बंद करून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दादा, तुम्हाला काय वाटायचं? तो कोण आहे?"

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "तो आधी त्या घरात राहायचा. एक दिवस बाहेर पडला. दारात म्हणाला, येतो. यायला उशीर झाला, बराच उशीर झाला. आला तर घरात दुसरीच माणसं. आता 'आलो' असं म्हणायचं कोणाला? म्हणून बसतो, जरा बघतो आणि पुन्हा येतो म्हणून उठतो. दुसरं म्हणणार काय?"

मी म्हटलं, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तो कोण हे सगळे तुम्हाला विचारायचे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मॅडमच्या दारात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यात ग्राफ एका दिवसात माझा कट्टर भक्त होऊन बसला होता. "मौन हाच त्याचा ग्राफ आहे," तो म्हणाला. "तो कोण हे सांगितलं की उरतो एक म्हातारा." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर, वर पुन्हा मलाच समजावण्याच्या सुरात. मी म्हटलं, "उरू दे म्हातारा. म्हाताऱ्याला बोलायचंय." मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या वयाची मलाच शंका आली. शेवटी घासाघीस होऊन ठरलं: भाषण मी लिहायचं, एकच पान, बाप नको, जुळा भाऊ नको आणि शेवटचा शब्द "जातो". माझा आदल्या दिवसाचा विजय जाहिरातवाल्यांना कोणी कळवलाच नव्हता, त्यांची जाहिरात आधीच गेली होती, "यावेळी तो जातो म्हणणार" अशी. त्यावर माझं काही चालणार नव्हतं.

मी दादांचंच सांगणं लिहून काढलं. त्यात माझं फारसं काही नव्हतं, स्वल्पविराम तेवढे माझे.

चित्रीकरणाच्या दिवशी जुना दिवाणखाना पुन्हा उभा केला होता. पडदे चुकीच्या रंगाचे होते, ते मी सांगितलं, कोणी ऐकलं नाही. समोर आमची जुनी नायिका, आता सासूच्या कामात. दादा खुर्चीत बसले. मी मॉनिटरमागे उभी होते. हे एक पान या माणसाला मिळालं होतं, आणि ते आज वाया गेलं तर दुसरं कोणी देणार नव्हतं.

दादा बोलायला लागले.

"या भिंतीला एक खिळा होता," ते म्हणाले. "तुम्ही काढलात, बरं केलंत, माझी पिशवी अडकायची त्याला. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, येतो. आतून कोणी ओ दिली की नाही, ते नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं."

मोठ्याने नाही, ओढून ताणून नाही. नायिकेला पुढे एक वाक्य होतं, ते ती विसरली, आणि विसरली तेच बरं झालं. दिवे सांभाळणारी माणसं वरून वाकून बघत होती. दादा शेवटाला आले. उठले. दारापर्यंत गेले. वळले. आणि स्वच्छ, ठाम आवाजात म्हणाले, "जातो."

"जातो काय, दादा. येतो म्हणा."

हे कोण बोललं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

हो, मीच. जाहिरातीतला शब्द, ठरलेला शब्द, मी स्वतः त्या पानावर लिहिलेला शब्द. पण घरातलं म्हातारं माणूस दारात उभं राहून "जातो" म्हणालं, तर बाईमाणूस ऐकून घेईल का? मेकअपवाली तेवढी म्हणाली, "बरोबर आहे बाईंचं. असं म्हणू नये." दिग्दर्शकाने "कट" म्हटलं, तेही इतक्या हळू की ते जास्तच लागलं. धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. या माणसाला इतक्या वर्षांत एकदा बोलायला मिळालं आणि मध्ये तोंड घातलं कोणी, तर मी.

"काही हरकत नाही, दादा," दिग्दर्शक म्हणाला. "आधीचं सगळं झकास आलंय. फक्त शेवटचा शब्द पुन्हा घेऊ."

"फक्त शब्द?" दादा म्हणाले. आणि त्यांचं तोंड पुन्हा तसंच उतरलं, त्या दिवशी घरी उतरलं होतं तसं.

तेवढ्यात आवाज टिपणारा माणूस कानावरचे हेडफोन काढत वैतागून म्हणाला, "शब्दाने भागणार नाही. पहिल्या वाक्यापासून मागे कोणीतरी नाक ओढतंय. सगळ्या भाषणभर."

पुन्हा सगळे माझ्याकडे. मी पदराने नाक पुसलं. नाकारण्यात काही अर्थ नव्हता.

"म्हणजे?" दादांनी विचारलं. "सगळं? सुरुवातीपासून?"

"सगळं, दादा. सॉरी. दमला असाल तर थोड्या वेळाने घेऊ."

"छे, दमतोय कसला," दादा म्हणाले. ते लगबगीने खुर्चीपाशी आले, बसले, कोट सारखा केला, घसा साफ केला. मग मान वळवून मला शोधलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला पुन्हा मध्ये बोलावंसं वाटलं, तर खुशाल बोला हं."