बाहुलीच्या लग्नातला धवला

जरा पुढे सरकून बसा, मंडळी. गोष्ट लहानशी, आपल्या डोंबिवलीतलीच. पण तिच्यात देव येऊन बसतात, म्हणून मन लावून ऐका.

“मांडव नाय, तं धवला नाय,” फोनच्या पडद्यावरून ठमाबाई म्हणाली आणि तिनं पदर सावरला.

मंदाकिनीबाईंचा चेहरा उतरला. मानपाड्याच्या शाळेत त्या सातवीला मराठी शिकवायच्या. पुस्तकात येण्याआधी कविता कुठे राहायची, ते मुलांनीच शोधावं म्हणून त्यांनी आगरी-कोळ्यांच्या लग्नात गातात तो धवला निवडला होता. प्रत्येकानं घरून शोधायचं आणि एकाच ऑनलाइन पानावर मिळून लिहायचं. मुलांनी इंटरनेट पालथं घातलं. हाती आल्या दोन तुटक ओळी आणि डीजेचे ढीगभर व्हिडिओ. शेवटी मेघाली म्हणाली, “बाई, माझी आजीच धवलारीण आहे. खाडीकाठच्या सगळ्या लग्नांत तीच म्हणते.” म्हणून आज, रविवारी, सगळा वर्ग व्हिडिओ कॉलवर जमला होता.

उद्या मेघालीच्या आजीच्या, ठमाबाईच्या, घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील, असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते.

“मग लग्नच लावूया ना, आजी,” दिवा गावात राहणारा प्रणित म्हणाला. “मेघालीकडे बाहुली आहे. नवरा माझा.”

“तुझा तो एका कानाचा टेडी?” मेघालीनं नाक मुरडलं. “शोभतो तरी का रे?”

सगळे हसले. ठमाबाई हसली नाही. “पोऱ्या कंच्या गावचा?”

“दिव्याचा. बिल्डिंगला पाणी नाही येत आजी, पण मुलगा निर्व्यसनी आहे.”

“पान्याची सोय कर, मंग पोरगी देतंव.”

थट्टेतलं लग्न म्हातारीनं खरं धरलं. तिनं हळद मागितली. घरोघरची मुलं स्वयंपाकघरात पळाली आणि चिमूटभर हळद घेऊन परतली. मेघालीनं आजीसमोर खुर्च्यांवर आंब्याचे डहाळे बांधले, तोच मांडव. एका पाटावर बाहुली बसली, दुसऱ्यावर फोन, आणि फोनमध्ये टेडी.

मग ठमाबाईनं डोळे मिटले आणि धवला धरला.

तिनं डोंगरावरच्या देवीला लग्नाला बोलावलं, खाडीतल्या देवाला बोलावलं, चुलीला बोलावलं, गेलेल्या आज्या-पणज्यांना नावानं हाक मारली. टाळ नाही, मृदंग नाही. कीर्तनात वाढलेल्या मंदाकिनीबाईंना वाटलं, आता दार वाजेल आणि बोलावलेले सगळे आत येतील.

“लिवलाव?” ठमाबाईनं डोळे उघडून मुलांना विचारलं.

कुणी कितवी ओळ लिहायची ते मुलांनी वाटून घेतलेलं, पण पान कोरंच होतं.

“आजी, ऐकतच राहिलो,” प्रणित हळूच म्हणाला.

“मंग पुन्ना म्हनतंव. आता लिवा.”

या वेळी पानावर भराभर अक्षरं उमटू लागली. पण निम्म्यातच तिचा आवाज फाटला. ती पाणी प्यायली, तिनं तोंड उघडलं. नुसता वारा आला. तेव्हा प्रणितनं अडलेली ओळ उचलली. मेघालीनं धरली. मग सगळ्यांनी. नेटवर्क कमीजास्त, एकाचा सूर पोचेपर्यंत दुसऱ्याचा निघालेला. घराघरांतून आवाज एकामागून एक येत राहिले, खाडीला भरती चढावी तसे. ठमाबाई नुसती बोटानं ठेका धरून होती. मंदाकिनीबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हात जोडले.

ऑपरेशन नीट झालं. ठमाबाई घरी आली. आता ती खुणेनं बोलते. गावात लग्न निघालं की मेघाली धवला म्हणते आणि आजी शेजारी बसून ओठ हलवते.

मंडळी, बोलावताना ती कुणालाही विसरली नव्हती. तुम्ही तेवढी ठमाबाईची आठवण ठेवा.