थांबायची जागा

"तुमच्या क्लासात इथे गतिरोधक बसवलाय का गं?" पाहुण्या गुरुजींनी विचारलं आणि सगळा हॉल हसला.

मंचावरची ढमी ओशाळली. तिच्या आधीचा उंच मुलगाही वरच्या सुराकडे जाताना नेमका तिथेच थांबला होता. सूर अर्धा सोडायचा, क्षणभर गप्प, मग पुढे. दोघंही एकाच बाईंच्या गाण्याच्या क्लासातले.

"बाई असंच गातात," ढमी पुटपुटली.

"पाठांतर छान आहे. पण या थांब्यावर उतरू नकोस. स्वतःचं काहीतरी गात पलीकडे जा बघू."

ढमीला ते जमलं नाही.

"असू दे. पुढचं कोण?"

पुढची बाईंची भाची होती, लहानपणापासून आत्याकडेच वाढलेली. तो थांबा कुठून आला हे फक्त तिला आणि आत्याला ठाऊक होतं. आत्याचा दम पुरत नव्हता. त्या जागी ती श्वासाला थांबे आणि मुलं भाबडेपणाने तेही उचलत. जिना चढून आल्यावर दाराला टेकून उभी असलेली आत्या भाचीशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"कुठे बोलायचं नाही हं," आत्याने बजावलं होतं. "बाईंना धाप लागते हे कळलं, की आईबाप मुलं काढून नेतील. मग काय भिंतींना शिकवू?"

मागच्या रांगांत तेच आईबाप बसले होते.

थांबलं तर गुरुजी आणखी खोदून विचारणार. न थांबावं, तर आत्याचंच चुकत होतं हे चारचौघांत सांगितल्यासारखं. आणि आत्याने न दिलेला एकही सूर तिने आजवर लावला नव्हता.

"भीती वाटते?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"वाटू दे. तिला घेऊनच गा."

देवा, सांभाळ, असं मनात म्हणत तिने सुरुवात केली. ती जागा जवळ आली. तिने तिसऱ्या रांगेत पाहिलं. आत्याचा हात मांडीवर ताल धरून होता. ऐन जागेवर तो उचलला गेला आणि पुढे झाला, लहान मुलाला रस्ता ओलांडायला सांगावं तसा. जा.

ती गेली. आवाज चिरकला, एक सूर निसटला. ती मागे वळली, दुसरीच वाट धरली, चाचपडत वर पोहोचली. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"हं. हे तुझं," गुरुजी हळूच म्हणाले. मग त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली आणि तिथेच राहिली. आता ते आईबापांसमोर विचारणार, असं भाचीला वाटलं. गुरुजींनी फक्त मान लववली. "चला, जरा चहा घेऊ."

बाहेर ढमीच्या आईने टोकलंच, "घरच्यांना वेगळं शिकवता वाटतं, बाई?"

"नाही हो. ते तिचं तिने काढलं." एवढं बोलून आत्या खुर्ची शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी क्लासात आत्या गात त्या जागेपर्यंत आली आणि थांबली. मुलं थांबायच्या आत शेजारी बसलेल्या भाचीने सूर उचलला. मुलं तिच्यामागून पलीकडे गेली. आत्या तोंड मिटून मांडीवर ताल देत राहिली.

भाची गात होती, पण कान मुलांकडे नव्हता. आत्याचा पुढचा श्वास ऐकू येतो का, याकडे होता.