वेल्लैयम्माच्या डोळ्याचं माप

"सतरा दिवस पालथी पडून होते मी. फरशीचा तडान् तडा पाठ झाला. आणि म्हणे, म्हातारी उताणी झोपली!"

हिरव्या कापडाखालची वेल्लैयम्माची कुरकुर थेट पूंकोडी सिस्टरच्या कानाशी येत होती. बधिर डोळा केला होता, तोंड नाही.

"पाट्टी, बोलू नका आजी, डोळा हलतो," डॉ. कदिरेसन म्हणाले.

"मागं गप्प बसले, म्हणून तर खापर माझ्या डोक्यावर फुटलं."

तिचा डावा डोळा कधीच गेला होता. उरला हा उजवा, वजा अठरा नंबरचा. त्याचा पडदा सुटला, इथेच मदुरैत बसवला, दोन महिन्यांत पुन्हा सुटला. सुनेने घरात बोलून बोलून सालटं काढली. फाइलवर शेरा होता: 'पेशंट पालथी राहिली नाही.' शब्द डॉक्टरांचे, अक्षर पूंकोडीचं.

आता पडदा पुन्हा जागेवर आला होता. आतलं पाणी काढून हवा भरायची, मग पडदा दाबून धरायला गॅस; तो पडद्याला टेकून राहावा म्हणून पेशंटने नंतर पालथं पडायचं. हे पाणी एरवी यंत्राच्या पिशवीत जाई. आज पूंकोडीने नळीला दहा एमएलची सिरिंज लावली.

"हे काय नवीन?"

"मोजतेय, सर. एवढ्या नंबरचा डोळा मोठा असतो. यात मावतं किती ते."

"चार. वीस वर्षं मी चार धरूनच गॅस देतोय."

"आज मोजून द्या."

"सिस्टर!"

"बाहेर गेल्यावर काय ओरडायचं ते ओरडा. सिरिंज मी सोडणार नाही."

कापडाखाली हसू फुटलं. "मोज गं बाई! चाळीस वर्षं ब्लाउज शिवले मी, टेप लावल्याशिवाय कात्री उचलली नाही. एका मापाचा ब्लाउज साऱ्या गावाला घालतात होय?"

डॉक्टरांनी नळीचं टोक डोळ्यात धरलं. पूंकोडी दट्ट्या ओढत गेली. चार झाले, पाच झाले, सहा. साडेसातला पाणी संपलं.

डॉक्टरांनी वाकून सिरिंजवरचा आकडा वाचला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गॅस साडेसातच्या हिशेबाने भर."

तिने भरला. मागच्या वेळी याच्या जेमतेम निम्मा गेला होता. पडदा चिकटायच्या आधीच तो विरला असणार. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

"माप किती आलं गं?"

डॉक्टरांनी पूंकोडीकडे बघून नकारार्थी मान हलवली. ती वेल्लैयम्माच्या कानाशी वाकली.

"साडेसात, अम्मा. मागे आम्ही चार धरलं होतं. तुम्ही पालथ्याच होतात. चूक आमची होती."